घराचे खाते

दुकानात बसलेला व्यापारी आणि घराचे काम काढलेला व्यापारी ही पुष्कळदा दोन वेगळी माणसे असतात. पहिला तुरीचा सौदा करताना मालातला ओलावा, हमाली, तोलाई, बारदान आणि गाडीभाडे उभ्या उभ्या मनात मांडतो, आणि क्विंटलमागे दहा रुपये कमी पडत असतील तर सौदा सोडून देतो. दुसरा मात्र मिस्त्रीने वहीच्या पानावर लिहून दिलेला एकच आकडा पाहतो, त्यात थोडी घासाघीस करतो आणि मुहूर्त काढतो. पुढे पाच महिन्यांनी तो आकडा दीडपट झालेला असतो, अर्धे घर उघडे पडलेले असते आणि गल्ल्यातली रक्कम कोठे गेली हे घरात कोणालाच नीट सांगता येत नाही.

पाथर्डीच्या जुन्या पेठेतले एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. पुढे रस्त्यावर भुसार मालाचे दुकान, मागे चौक, ओसरी, स्वयंपाकघर, वर एक मजला. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया, वर पांढऱ्या मातीचे माळवद. आजोबांनी बांधलेल्या या घरात आता दोन भावांचे कुटुंब राहते. माळवद गळू लागले, थोरल्यांच्या मुलाचे लग्न ठरले, आणि अक्षय्य तृतीयेनंतर काम काढायचे निश्चित झाले. अंदाज १४ लाख रुपयांचा. त्यांपैकी ९ लाख साठवलेले, ५ लाख बँकेचे कर्ज. पावसाळ्याच्या आत काम पुरे, असा मिस्त्रीचा शब्द.

भाद्रपदात या घराचा हिशेब असा होतो. खर्च झालेले १७ लाख. त्यांतले वरचे ३ लाख दुकानाच्या रकमेतून, ‘चार दिवसांत परत टाकू’ म्हणून उचललेले. आणि काम संपवायला मिस्त्री आणखी ७ लाख सांगतो आहे. म्हणजे १४ लाखांचे काम २४ लाखांवर गेले. मूग आणि उडीद बाजारात आले आहेत, पाठोपाठ बाजरी येईल, दसऱ्याला कापूस सुरू होईल. वर्षाची खरेदी ज्या दोन महिन्यांत करायची, नेमक्या त्याच वेळी दुकानाचे भांडवल भिंतीत जाऊन बसलेले आहे. हे घर कल्पनेतले आहे. पण त्याच्यासारखी घरे प्रत्येक पेठेत आहेत.

अशा वेळी घरात पहिला प्रश्न निघतो तो, चूक कोणाची? तो प्रश्न बाजूला ठेवून व्यापाऱ्याने आपला नेहमीचा प्रश्न विचारावा : रक्कम कोणत्या नावे पडली?

वाढीव १० लाखांची तीन नावे

वाढलेला खर्च एका रकमेत पाहिला की भीती वाटते. तीन नावांवर लिहिला की तो समजू लागतो.

पहिले नाव घराचे. माळवद उतरवले तेव्हा दोन तुळयांना आतून वाळवी लागलेली निघाली. शेजाऱ्याची सामाईक भिंत आपल्याच घराच्या आधाराने उभी होती, तिला नवा आधार द्यावा लागला. न्हाणीचा जुना निचरा पायाखाली मुरत होता. त्यात आपला तालुका पडला अवर्षणग्रस्त. ऐन वैशाखात बांधकामाला टँकरचे पाणी विकत घ्यावे लागले. या सगळ्याचे साडेतीन लाख. जुने घर उघडल्यावाचून हे कोणालाच दिसत नाही, म्हणून यासाठी कोणालाही बोल लावता येत नाही.

दुसरे नाव अंदाजाचे. मिस्त्रीच्या आकड्यात वायरिंग होते, पण दिवे-पंखे नव्हते. फरशी होती, पण ती बसवण्याचे साहित्य नव्हते. जीएसटी धरलेला नव्हता. मलबा उचलून नेण्याची मजुरी नव्हती. याचे दीड लाख. हा खर्च पहिल्या दिवसापासून होताच, फक्त कागदावर नव्हता.

तिसरे नाव इच्छेचे. ‘आता फोडलेच आहे, तर वरच्या मजल्याचीही फरशी करून घेऊ.’ ‘एवढे केलेच आहे, तर मॉड्युलर किचन राहायला नको.’ मग दिवाणखान्याला पीओपी, दर्शनी भागाला दगडी टाइल. यातली कोणतीही गोष्ट अवाजवी नाही, एकेकटी पाहिली तर मोठीही नाही. पण चौघांची बेरीज पाच लाख, म्हणजे वाढलेल्या खर्चाचा बरोबर अर्धा.

हे एकट्या पाथर्डीत घडते असे नव्हे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी आपल्या पुस्तकात २००२ सालच्या एका अमेरिकन पाहणीचा उल्लेख केला आहे. स्वयंपाकघराचे नूतनीकरण करणाऱ्या घरमालकांनी सरासरी १८,६५८ डॉलर खर्च धरला होता. प्रत्यक्षात तो ३८,७६९ डॉलर झाला. कानेमन आणि त्यांचे सहकारी आमोस ट्वर्स्की यांनी या प्रवृत्तीचे कारण दाखवले ते असे : माणूस अंदाज करताना आपलेच काम डोळ्यांपुढे ठेवतो आणि ते सुरळीत पार पडेल असे धरून चालतो. तशाच कामांत इतरांचे काय झाले, हे तो विचारीत नाही. आपल्याकडे वांद्रे-वरळी सागरी सेतूचा खर्चही मूळ अंदाजाच्या दुपटीवर गेला होता. जेथे अभियंत्यांची फौज होती तेथे हे झाले, तर वहीच्या पानावरच्या अंदाजाचे काय सांगावे!

आणि इच्छेच्या खर्चाबद्दल अठराव्या शतकातला फ्रेंच लेखक दिदरो स्वतःचीच गोष्ट लिहून गेला आहे. त्याला एक सुंदर तांबडा झगा मिळाला. झग्यापुढे खुर्ची जुनी दिसू लागली, ती बदलली. मग मेज, मग भिंतीवरची चित्रे. शेवटी जुना झगा टाकल्याचा त्याला पश्चात्ताप झाला. नव्या स्वयंपाकघराशेजारी जुना दिवाणखाना असाच एकाएकी जुना दिसू लागतो.

तीन वाटे

पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा दिलेल्या वाचकांना उपासकदशांग सूत्रातला आनंद श्रावक परिचयाचा आहे. त्याच्या संपत्तीचे वर्णन तेथे मोठ्या नेमकेपणाने आले आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, म्हणजे ठेवीत. चार कोटी व्यापारात. चार कोटी घर-प्रपंचाच्या पसाऱ्यात. भगवान महावीरांपाशी त्याने व्रत घेतले तेव्हा जी मर्यादा बांधली, ती हे तीन वाटे तसेच ठेवून. आनंद श्रीमंत होता हे सर्वांच्या लक्षात राहते. त्याचे तीन वाटे एकमेकांत मिसळलेले नव्हते, ही गोष्ट मात्र व्यापाऱ्याने अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वर पाहिलेल्या घराचे खरे संकट १० लाखांचे नाही. व्यापाराच्या वाट्यातले ३ लाख घराच्या वाट्यात गेले, आणि तेही कोठे न लिहिता, हे संकट आहे. घर अर्धवट राहिले तर कुटुंबाची गैरसोय होते. भांडवल अर्धवट राहिले तर शेतकऱ्याला मालाचे पैसे वेळेवर जात नाहीत, नगरच्या घाऊक व्यापाऱ्याचा वायदा चुकतो, आणि आजोबांनी पन्नास वर्षांत मिळवलेली पत एका हंगामात हलते. गिलावा पुढच्या वर्षी करता येतो. पत पुढच्या वर्षी विकत मिळत नाही.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा बांधायच्या वस्तूंत ‘क्षेत्र’ आणि ‘वास्तु’, म्हणजे जमीन आणि घर, यांची नावे आरंभीच येतात. या व्रताचे अतिचार सांगताना टीकाकारांनी एक मार्मिक पळवाट नोंदवली आहे : घरांची संख्या वाढू नये म्हणून शेजारचे घर घेऊन मधली भिंत पाडणे आणि दोन्ही मिळून एकच घर मोजणे. आकडा तोच, वस्तू वाढलेली. ‘काम एकच चालले आहे, थोडे वाढले इतकेच’ हे आजचे वाक्य त्याच जातीचे आहे.

मग करायचे काय?

सर्वांत आधी काम आठ दिवस थांबवावे. चालू कामावर बसून नवा हिशेब होत नाही. रोज एक निर्णय मागणारा कारागीर समोर उभा असतो. मात्र थांबताना गवंड्याची आणि मजुरांची झालेली मजुरी पहिल्यांदा चुकती करावी. आठवडे बाजार करून चूल पेटवणाऱ्या माणसाचे पैसे अडकवून आपली तूट भरून काढणे श्रावकाला शोभत नाही, आणि व्यवहारातही ते महागच पडते. कारागीर दुसऱ्या कामावर जातो आणि परत आणायला जादा मोजावे लागतात.

त्या आठ दिवसांत उरलेल्या प्रत्येक कामाचा स्वतंत्र लेखी दर घ्यावा : माल किती, मजुरी किती, कर किती. शक्य असल्यास हा नवा अंदाज काम न करणाऱ्या एखाद्या अभियंत्याकडून तपासून घ्यावा. मग कामांचे तीन भाग पाडावेत. पहिल्या भागात जे न केल्यास घर पडेल, गळेल किंवा जाळेल ते : छत, सामाईक भिंत, निचरा, वायरिंग आणि अर्थिंग. दुसऱ्या भागात ज्यावाचून राहता येणार नाही ते : स्वयंपाकघराचा ओटा, न्हाणी, दारे-खिडक्या. तिसऱ्या भागात डोळ्यांना हवे असलेले सारे. तिसरा भाग कागदावर जपून ठेवावा आणि काम तूर्त बंद करावे. पुढे त्यासाठी लागणारे पाइप आणि वायरच्या नळ्या भिंतीत आताच टाकून घ्याव्यात. तो खर्च थोडा असतो आणि पुन्हा फोडणे वाचते.

आपल्या उदाहरणातल्या घरात इच्छेच्या पाच लाखांपैकी वरच्या मजल्याची फरशी, म्हणजे एक लाखाचे काम, होऊन गेले आहे. किचनची कपाटे, पीओपी आणि दर्शनी टाइल यांचे चार लाख अजून खर्च झालेले नाहीत. ते थांबवले की उरलेले काम ७ लाखांवरून ३ लाखांवर येते. २४ लाखांचा डोंगर २० लाखांचा होतो.

काटकसर कोठे करू नये हेही समजून घ्यावे. काँक्रीटला पाणी मारणे हे आपल्या भागात कंजुषीचे पहिले ठिकाण ठरते, कारण पाणी विकतचे असते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान दहा दिवस ओलावा हवा, असे भारतीय मानक सांगते. टँकरचे दोन हजार वाचवून तडे गेलेला स्लॅब पदरात घेण्यात शहाणपण नाही. सळई आणि तांब्याची वायर यांच्या बाबतीतही हेच खरे.

राहिली रकमेची सोय. आता दोन रकमा उभ्या करायच्या आहेत : कामाचे ३ लाख आणि दुकानाला परत द्यायचे ३ लाख. दुसरी रक्कम पहिल्यापेक्षा तातडीची आहे. ती दसऱ्याच्या आत दुकानात परत गेली पाहिजे. बँकेकडून चालू गृहकर्जावर वाढीव रक्कम मिळत असेल तर ती दीर्घ मुदतीची आणि कमी व्याजाची असते; धंद्याच्या कॅश क्रेडिटमधून घर दुरुस्त करणे हा सर्वांत चुकीचा मार्ग. आप्तांकडून उसने घ्यायचे झाल्यास ते बँकेमार्फतच घ्यावे. २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. मालाची आणि मजुरीची बिले जपावीत. पुढे कधी घर विकले, तर सुधारणेचा खर्च दाखवायला तीच उपयोगी पडतात.

ओसरीवरचा हिशेब

या सगळ्यांत अवघड गोष्ट पैशाची नसते. धाकट्या भावाला दुकानातून उचललेले ३ लाख अजून सांगितलेले नाहीत, ही असते. किचनसाठी हट्ट धरला तो सुनेने, असे सासूबाई मनात धरून बसतात. फरशी आपण सांगितली हे त्यांना आठवत नाही. थोरले रात्री झोपत नाहीत आणि विचारले तर चिडतात. खर्चाचा आकडा एकट्याने मनात ठेवला की त्याचे ओझे होते, आणि तो दुसऱ्या कोणाकडून कळला की त्याचा संशय होतो.

म्हणून नवा हिशेब एका संध्याकाळी घरातल्या सर्व मोठ्या माणसांसमोर वाचला जावा, सुनांसकट, आणि ज्याचे लग्न ठरले आहे त्या मुलासकट. वाचणाऱ्याने पहिली नोंद आपल्या चुकीची वाचावी : ‘दुकानाचे तीन लाख मी न विचारता घेतले.’ तेवढे एक वाक्य झाले की उरलेल्यांना आपापला वाटा सांगणे सोपे जाते. किचन थांबवायचे की दर्शनी टाइल, हे मग ज्यांना तेथे राबायचे आहे त्यांनी ठरवावे. बहुतेक घरांत टाइल सोडून देणारी पहिली व्यक्ती तीच असते, जिच्याकडे हट्टाचा दोष गेलेला असतो. व्याह्यांनाही मोकळेपणाने सांगता येते की वरचे काम पुढच्या वर्षी होईल. ज्या घरात मुलगी द्यायची आहे तेथे पीओपीपेक्षा माणसांचा सरळपणा पाहणारेच अधिक असतात.

संवत्सरीला सर्वांनी एकमेकांना क्षमा मागितलेली असते. ती क्षमा सर्वसाधारण असते. कोणत्या गोष्टीची, हे कोणी म्हणत नाही. वहीतली नोंद तशी नसते. ती तारीख, रक्कम आणि नाव मागते. दिवाळीला दुकानाच्या नव्या वह्यांचे पूजन होईल तेव्हा त्यांच्या शेजारी आणखी एक पातळ वही ठेवावी आणि तिच्या पहिल्या पानावर लिहावे : घर खाते. नावे २० लाख. दुकानाचे देणे, पूर्ण फिटले.