नवा नको, हाच दुरुस्त करून द्या

तुमच्या घरात खिशात ठेवायचा एखादा जुना चाकू असेल. स्वयंपाकघरातल्या खणात किंवा बाबांच्या हत्यारांच्या डब्यात शोधा बरं. लाल मुठीचा, वर छोटा पांढरा क्रॉस असलेला स्विस चाकू बऱ्याच घरांत सापडतो. त्याच्या पाठीची स्प्रिंग मोडली किंवा पातं नीट उघडेनासं झालं, तर तो बनवणाऱ्या कंपनीकडे परत पाठवता येतो. माझं मत विचाराल तर जरूर पाठवावा. पण सोबतच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहावं: मला नवा चाकू नको, हाच दुरुस्त करून द्या.

असं लिहायची गरज का पडते? कारण वॉरंटीच्या कागदावर बरेचदा 'दुरुस्त करू किंवा बदलून देऊ' असे शब्द असतात. दोन्हींपैकी काय करायचं, ते कंपनी ठरवते. आणि बदलून देणं सोपं असतं. स्विस चाकूचे थर रिव्हेटांनी घट्ट जोडलेले असतात. एक पातं बदलायचं म्हटलं तरी रिव्हेट काढून चाकू सुटा करावा लागतो. त्यापेक्षा नवा चाकू खोक्यात घालून पाठवला की काम संपलं! तुम्हालाही आधी आनंदच होईल. मग लक्षात येईल की मुठीवर आजोबांनी सुईने कोरलेलं नाव जुन्या चाकूबरोबर गेलं. ते आता परत मागता येत नाही.

भारतात हा प्रश्नच येत नसे. तुमच्या आजीला धारवाल्याबद्दल विचारा. तो सायकल घेऊन गल्लीत यायचा, सायकल स्टँडवर लावायचा आणि पायडल मारून सहाणेचा दगड गरगर फिरवायचा. ठिणग्या उडायच्या. आजी विळी, सुरी, कात्री घेऊन खाली जायची आणि समोर उभी राहायची. दिलेली सुरीच परत मिळायची, कारण ती नजरेआड होतच नसे. पोस्टाने पाठवलेली वस्तू मात्र नजरेआड होते, म्हणून चिठ्ठी हवी.

आता वॉरंटीबद्दल थोडं. आपल्या घरांत वॉरंटी आणि गॅरंटी हे शब्द एकच समजून वापरतात, आणि 'लाइफटाइम' म्हटलं की काहीही झालं तरी फुकट, असं धरून चालतात. तसं नसतं. कार्ल एल्झनर या कारागिराने 1884 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात चाकूंचा कारखाना काढला. 1891 मध्ये त्याचे चाकू स्विस सैन्याकडे गेले. त्याच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, आणि न गंजणाऱ्या पोलादाला म्हणतात इनॉक्स. दोन्ही जोडून व्हिक्टोरिनॉक्स झालं. ही कंपनी चाकूच्या पोलादातल्या किंवा बनावटीतल्या दोषाची हमी कायमची देते. अमेरिकेतली लेदरमन कंपनी तिच्या पक्कडवाल्या हत्यारांसाठी 25 वर्षांची हमी देते. दोन्हीकडे हमी असते ती कंपनीच्या चुकीची. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटताना तुम्ही पात्याचं टोक मोडलंत, तर ती चूक कंपनीची नाही. वापरून वापरून पातं झिजलं, तर ती कोणाचीच चूक नाही.

म्हणून चिठ्ठीत खरं लिहा. टोक कसं मोडलं ते सांगा आणि दुरुस्तीचे पैसे किती होतील ते विचारा. काही लोक 'आपोआप मोडलं' असं ठोकून देतात. पोलाद आपोआप मोडत नाही, आणि रोज मोडके चाकू बघणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं. शिवाय खरं सांगणाऱ्या माणसाची 'हाच परत द्या' ही विनंती जास्त मनावर घेतली जाते, असं मला वाटतं.

कोणी म्हणेल, छोट्या चाकूच्या किमतीएवढा तर पोस्टाचा खर्च! खरं आहे. चाकू साधा असेल, त्यात कोणाची आठवण नसेल, तर खुशाल नवा घ्या. मात्र आजोबांचा असेल तर मी पोस्टाचे पैसे भरीन. पातं नवं आलं तरी चालेल, मूठ तीच हवी.

पाठवायचं ठरलं तर आई-बाबांना सोबत घ्या. आधी मुठीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. चिमटा आणि टूथपिक काढून घरीच ठेवा, ते प्रवासात हरवतात. चाकू बंद करून जाड कागदात गुंडाळा, वर चिकटपट्टी लावा. आणि चिठ्ठीत शेवटी हे वाक्य घाला: 'दुरुस्त होत नसेल, तर आहे तसाच परत पाठवा.'

परत आला की आधी नाव आहे का ते बघा. मग हळूच उघडा. पातं बदललेलं असलं तर नव्या पात्याची धार जुन्यापेक्षा बरीच तेज असते, पहिलं सफरचंद कापताना बोटं सांभाळा.