शाळेच्या वाटेवरील मुले

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मागच्या आसनावर बसलेल्या मिस्त्री यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर दिल्लीपासून मुंबईपर्यंत सारी शासनयंत्रणा मागच्या आसनावरील पट्ट्याविषयी बोलू लागली. वस्तुतः तो नियम आधीपासूनच होता. एका मृत्यूमुळे तो आठवला याबद्दल आमची तक्रार नाही. प्रत्येक जीव मोलाचाच असतो. परंतु त्याच जिल्ह्यात रोज सकाळी शाळेला निघणाऱ्या मुलांची आठवण होण्यासाठी शासन कोणाच्या मृत्यूची वाट पाहत आहे?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात, चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा वा बालसुरक्षा आसनाविना मोटारीतून नेल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद झाली. दुचाकीवरील चार वर्षांखालील बालकांसाठी शिरस्त्राण, चालकाशी जखडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले. हे सारे योग्यच आहे. मूल मांडीवर घेऊन पुढच्या आसनावर बसणे हे वात्सल्य नव्हे. गाडी आदळते त्या क्षणी आईचे हात मुलाला धरून ठेवू शकत नाहीत.

पण बोईसर-तारापूरच्या कामगारवस्तीत मोटार आहे किती घरी? सरावली, पास्थळच्या चाळींतून निघणारे मूल बापाच्या दुचाकीवर भावंडासह कोंबले जाते, नाहीतर रिक्षात. रिक्षाला परवाना तीन उतारूंचा. आत मुले किती, हे रस्त्यावरचा कोणीही मोजू शकतो. चालकाच्या दोन्ही अंगांना एकेक मूल आणि बाहेर लोंबणारी दप्तरे! रिक्षावाल्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. त्याने तीनच मुले घेतली तर प्रत्येक घरावरचा भाड्याचा भार कितीतरी वाढेल, आणि तो भरायचा आहे कंत्राटी कामगाराने. म्हणजे मुलाची सुरक्षितता ही या व्यवस्थेत बापाच्या रोजंदारीवर ठरते.

जे मूल पायी येते त्याच्यासाठी तर कायद्यात पट्टाही नाही. महामार्गावरून चिल्हार-बोईसर रस्त्याने रसायनांचे टँकर औद्योगिक वसाहतीकडे येतात. तारापूरच्या कारखान्यात स्फोट झाला की त्याची बातमी होते. तेच रसायन कारखान्यात पोहोचण्याआधी शाळकरी मुलांच्या अंगावरून जाते, याची होत नाही. त्यात मोटारीतून येणाऱ्या मुलाला अगदी फाटकाशीच उतरवायचे असते. त्या मोटारींच्या गर्दीने पायी येणारे मूल रस्त्याच्या मध्यावर ढकलले जाते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे मोटार आहे, त्यांनीही हे मनाशी तपासून पाहावे. शंभर पावले अलीकडे गाडी थांबवल्याने काही बिघडत नाही.

रस्ता कोणाचा, हा राजकीय प्रश्न आहे. हॉलंडमध्ये १९७१ साली चारशेहून अधिक मुले वाहतुकीत मृत्युमुखी पडली. तेथील पालकांनी ‘मुलांची हत्या थांबवा’ या घोषणेखाली आंदोलन उभारले, रस्ते अडवले आणि वस्त्यांतील रस्त्यांची रचनाच बदलून घेतली. मुलांना सावध राहायला शिकवा, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही.

आपल्याकडे साधन अगदीच नाही असे नव्हे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. तीत पालक, पोलीस आणि परिवहन खाते यांचे प्रतिनिधी हवेत. पालघर-बोईसरच्या साथींनी जूनमध्ये शाळा उघडताच आपापल्या शाळेत जाऊन समितीची बैठक शेवटची केव्हा झाली ते विचारावे, इतिवृत्त पाहायला मागावे. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी टँकरबंदी, वसाहतीच्या रस्त्यांना पदपथ आणि शाळेच्या वेळेला एसटी या तीन मागण्या त्याच बैठकीत लेखी नोंदवून घ्याव्यात, आणि तिची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे व औद्योगिक विकास महामंडळाकडे पोहोचवावी.