जेवलास का?

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त टोकियोला असतात. रोज दिवेलागणीला त्यांचा फोन येतो. तिकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. सौ.चा पहिला प्रश्न ठरलेला, "दुपारी जेवलास का?" उत्तरही ठरलेले, "हो, रामेन खाल्लं." की झाले! तीन वर्षे या घरात एकच चिंता आहे: पोरगे पाकिटातल्या शेवयांवर दिवस काढते आहे, आणि तेही एकटे बसून.

म्हणून यंदा मी टोकियोला जायला निघालो, तेव्हा सौ.ने लाडवांच्या डब्याबरोबर एक कामगिरीही सोपवली. "देवळं, बागा मागाहून बघा. तो दुपारचा कुठं नि काय जेवतो, ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघून या."

त्याप्रमाणे एका बुधवारी बाराला पाच कमी असताना मी कांदा भागातल्या एका गल्लीत चिरंजीवांसह रांगेत उभा राहिलो. हा कांदा म्हणजे आपला खायचा नव्हे, टोकियोतल्या कचेऱ्यांचा भाग! दुकान आमच्या दिवाणखान्याएवढेही नव्हते. दारावर निळा कापडी पडदा, आत लाकडी फळीसमोर मोजून आठ खुर्च्या. फळीपलीकडे साठी उलटलेला मालक मोठ्या पातेल्याशी, आणि त्याची बायको भांड्यांशी.

दारातच एक यंत्र होते. आपल्याकडे स्टेशनवर वजनाची यंत्रे असत, त्यांचेच हे भावंड. पैसे टाकायचे, बटण दाबायचे, की चिठ्ठी बाहेर येते. फरक इतकाच की या चिठ्ठीवर भविष्य नसते, जेवण असते. ती फळीवर ठेवली की बोलायचे काम संपले.

रांगेत चिरंजीवांनी मला या पदार्थाची कुळकथा सांगितली. मूळ घराणे चिनी. १९१० साली टोकियोच्या असाकुसा भागात 'राइराइकेन' नावाचे दुकान निघाले, तिथे चिनी आचारी ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई झाली, अमेरिकेचा गहू आला, आणि गाड्यांवरचे रामेन गरिबाचा आधार झाले. ओसाकाच्या काळ्या बाजारात अशाच एका गाडीपुढची थंडीतली रांग मोमोफुकु आंडो यांनी पाहिली होती. पुढे १९५८ साली त्यांनी झटपट होणारे रामेन शोधून काढले. सौ.च्या मनातले पाकीट ते हेच! "पण बाबा, ते पाकीट या रांगेतून निघालं," चिरंजीव म्हणाले, "ही रांग पाकिटातून नाही."

वाडगे पुढ्यात आले. हाडे तासन् तास उकळून काढलेले, सोयाबीनच्या सॉसचे वाफाळते पाणी, त्यात पिवळसर लांब शेवया, बांबूचे कोवळे कोंब, कांद्याची पात आणि मांसाचे दोन काप. मांस कशाचे, हे सौ.ला सांगायचे नाही असा आम्हां बापलेकांत करार झाला आहे. शेवया तोंडात घातल्या तर रबरासारख्या लवचीक! कारण विचारले तर कळले की पिठात खाराचे पाणी असते. म्हणजे आपल्या पापडखाराच्याच गोत्यातले! एवढ्या लांब येऊन पापडखार भेटावा, याचा मला उगीचच आनंद झाला.

काड्यांशी माझी झटापट चालू असताना कानांवर एक ओळखीचा आवाज येऊ लागला. आजूबाजूची सगळी माणसे भुरके मारीत होती! आमटीचा भुरका मारला म्हणून लहानपणी मी वडिलांचा मार खाल्ला आहे. इथे सुटाबुटातले साहेबलोक राजरोस तेच करीत होते. शेवया गरम असतानाच ओढायच्या, नाहीतर त्या पाणी पिऊन फुगतात. मीही साठ वर्षांची शिस्त मोडली.

बारा मिनिटांत शेजारची खुर्ची दोनदा बदलली. कुणी रेंगाळत नाही, कुणी बोलत नाही. मला ऐंशीच्या सुमाराची गिरगावातली खानावळ आठवली. तिथेही पुढची मंडळी पाठीशी उभी असत आणि ताकाचा शेवटचा घोट उभ्यानेच घ्यावा लागे.

भिंतीवर हाताने लिहिलेला एक कागद होता. चिरंजीवांनी वाचून दाखवला. भाव पन्नास येनने वाढवावा लागला, त्याबद्दल मालकाने मनापासून क्षमा मागितली होती. रामेनला हजार येनच्या वर गिऱ्हाईक पैसे देत नाही, असा तिकडे जुना समज आहे. त्याला 'हजार येनची भिंत' असेच म्हणतात. पीठ, मांस, वीज सारे महागले, पण ती भिंत ओलांडायला लहान दुकानदार भितो, आणि अशी कितीतरी दुकाने अलीकडे बंद झाली. "हेही गेलं तर?" मी विचारले. चिरंजीव काही बोलले नाहीत.

मग वाडग्यात पाहतच म्हणाले, "बाबा, गेल्या हिवाळ्यात तापानं मी चार दिवस आलो नव्हतो. पाचव्या दिवशी आलो, तर वाडग्यात एक अंडं जास्त होतं. मी चिठ्ठी काढली नव्हती. मी वर बघितलं, तर हे गृहस्थ पातेल्यात बघत होते. तीन वर्षांत आमचं बोलणं झालं ते एवढंच."

माझ्या चष्म्यावर वाफ आली. वाफच होती ती.

उठताना वाडगे फळीच्या वर ठेवायचे, समोरची जागा पुसायची आणि 'गोचिसोसामा' म्हणायचे, असा रिवाज. या शब्दात धावपळीचा अर्थ आहे. माझ्या जेवणासाठी तुम्ही धावपळ केलीत, त्याबद्दल आभार! मी तो शब्द तीनदा घोकून म्हटला, आणि वर सवयीने हातही जोडले. मालक वाकला, त्याची बायकोही वाकली.

संध्याकाळी सौ.ला फोनवर सगळे सांगितले. करार तेवढा पाळला. अंड्याच्या गोष्टीपाशी पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मला वाटले, फोन तुटला.

मग आवाज आला, "अहो, मग रोजच एक जास्त घालायला काय होतं त्यांना?"