फुरसतीचा उद्योग : जुनी स्क्रोल सॉ

लांकडांतील जाळीकामासाठीं जुनी स्क्रोल सॉ घ्यावी काय? आमच्या मतें अवश्य घ्यावी. पण नुसत्या रंगावर भुलूं नये. वीज बंद असतां वरची भुजा हातानें हालवून पाहावी. ती डाव्या-उजव्या अंगास डुलत असेल, तर आंतले बुश झिजले आहेत असें समजावें, आणि नवे मिळण्याजोगे नसल्यास सौदा सोडावा. अमेरिकेहून आलेलें यंत्र बहुधा १२० व्होल्टचें असतें. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर थेट लावल्यास मोटार जळण्याचें भय.

घरीं आणल्यावर मेजाचा गंज घासलेट व बारीक पॉलिशपेपर यांनीं काढून वर मेण घासावें. (त्यासाठीं स्वयंपाकघरांतलें फडकें उचलूं नये, हें गृहिणींच्या वतीनें सांगतों!) मेज पात्याशीं काटकोनांत आहे कीं नाहीं, हें गुण्या लावून पाहावें. पात्याचे दाते खालच्या दिशेस हवेत. उलटे बसल्यास लांकूड उसळतें. पातें ताणून बोटानें छेडावें; तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ नाद उमटला म्हणजे ताण ठीक.

मात्र तडकलेली वायर बदलून अर्थिंग झाल्याखेरीज मुलांस यंत्राजवळ फिरकूं देऊं नये. आमचा नातू यावरून रुसला आहे, रुसो बापडा.