तपन वाढणार, वणवा लागणार; गुन्हा कोणावर लागणार?



फेब्रुवारी संपता संपता हवामान खात्याचा उन्हाळ्याचा अंदाज निघतो. तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील, विदर्भात उष्णतेच्या लाटेचे दिवस वाढतील, मधूनमधून विजा-वाऱ्यासह पाऊस येईल. अलीकडच्या वर्षांत यातले शब्द फारसे बदलत नाहीत. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर गेला की शहरातल्या पेपरला बातमी मिळते. आपल्याकडे त्याच दिवसांत मोह पडतो आणि तेंदू तुटतो. वर्षाचा नगदी पैसा याच तपनीतून येतो. तेव्हा हा अंदाज सगळ्यांत जास्त कामाचा कोणाच्या, तर आपल्या. पण तो आपल्या गावात येतो तो फॉरेस्टच्या बोर्डावरून, "जंगलात आग लावणे गुन्हा आहे" एवढाच होऊन.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. याच्या आधी जाळरेषा जाळून साफ करायच्या असतात. कुठे होतात, कुठे कागदावर होतात, हे ज्याच्या त्याच्या गावाला माहीत आहे. साग, मोह, तेंदूचा पाला खाली गुडघ्याला लागेल इतका साचतो, बांबू वाळलेला असतो, दुपारी गरम वारा सुटतो. अशा वेळी एक बिडीचे थोटूक पुरते. सरकारी कागदच सांगतात की देशातले सुमारे ९५ टक्के वणवे माणसाच्या हातून लागतात. इज पडूनही आग लागू शकते, पण आपल्याकडे इजेच्या मागे बहुतेक वेळा पाऊस येतो. म्हणजे हात माणसाचाच, हे आम्हालाही मान्य. पण कोणत्या माणसाचा? पंचनाम्यात पहिल्या दिवशी "अज्ञात इसम" असतो, आणि आठ दिवसांनी तो अज्ञात इसम आपल्याच गावचा निघतो.

आपल्या घरातले आधी बोलू. मोहाखाली पाला जाळायची सवय काही गावांत आहे. पहाटे फूल पडते, पाल्यात दिसत नाही, म्हणून बुडाखाली जाळून जागा साफ करतात. संध्याकाळी लावलेली आग विझली असे समजून माणूस घरी येतो आणि रातच्या वाऱ्याने ती डोंगरावर चढते. यात मोठा मोह वाचतो, पण लहान रोपटे जळते. गावोगाव आजा-पणजाच्या वेळचे मोह उभे आहेत आणि त्यांच्या खाली नवा मोह नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे. पाला खराट्याने ओढून बाजूला केला, खाली जुने लुगडे नाहीतर जाळी पसरली, तर फूलही स्वच्छ मिळते आणि व्यापाऱ्याला माती दाखवून भाव पाडता येत नाही. हे करायला खात्याची योजना लागत नाही.

मात्र पाला काहून जाळतात, याचे दुसरे कारण कोणी लिहीत नाही. जागा मोकळी असली की अस्वल-वाघ लांबून दिसतो. तपन वाढली म्हणून "सकाळी लवकर कामे उरका" असा सल्ला देतात. बरोबर आहे. पण पहाटेच्या अंधारात जंगलात वाघही फिरतो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदू तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. उशिरा गेले तर ऊन मारते, लवकर गेले तर वाघ, आणि नाही गेले तर पावसाळ्यात घरात काय शिजवायचे? उष्णतेचा इशारा काढणाऱ्याने हा हिशेब कधी केला आहे काय? आमचे म्हणणे असे की तेंदूच्या दिवसांत टोळीबरोबर राखणीला माणसे पाहिजेत आणि त्यांची मजुरी खात्याने द्यावी. आग राखायला फायर वॉचर लागतो, तर माणसे राखायला नको?

आता तेंदूची आग. पाल्याला आग लागली की तेंदूच्या झुडपाला कोवळा फुटवा येतो, पान मोठे आणि मऊ मिळते. खरे तर त्यासाठी बेलकटाई करायची असते. तिला मजुरी द्यावी लागते. काडेपेटी स्वस्त पडते. ठेकेदाराची माणसे हे सांगून-सवरून करून घेतात आणि गुन्ह्याच्या वेळी त्यांचे नाव कुठे नसते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने यावर कडक मार्ग काढला. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या ग्रामसभेने तेंदू तोडायचाच नाही असे ठरवले. पान तोडताना झाडाची कटाई होते आणि आगी लागतात म्हणून. त्यांनी बांबूवर कमाई उभी केली. सगळ्या गावांना हे जमेल असे आम्ही म्हणत नाही. ज्या गावात बांबू नाही त्याने पाचगावची नक्कल केली तर उपाशी राहील. पण ठराव ग्रामसभेने केला आणि लोकांनी पाळला, हे घेण्यासारखे आहे. धानोऱ्याच्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला, त्या गावाची जंगल राखायची रीत तर त्याच्याही आधीची.

कायद्याचे दोन शब्द. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचे कलम २६ गावागावात वाचून दाखवतात. त्यात राखीव जंगलात जाणूनबुजून किंवा मोठ्या निष्काळजीने आग लागली तर चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवायची सोय आहे. एकाने लावली तरी सगळ्या गावाची चूल बंद होऊ शकते. कलम ७९ प्रमाणे हक्क वापरणाऱ्याने आग दिसली की कोणी सांगायची वाट न पाहता विझवायला धावायचे, ते बंधनही आपल्यावर. ठीक आहे, आपण धावतोच, अंगावरचे चटके दाखवू शकतो. पण २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ४(१) म्हणते की इतर कोणत्याही कायद्यात काही असले तरी हे हक्क मान्य केले आहेत. आणि कलम ५ जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला देते. मग आग विझवणे आपले कर्तव्य आणि आगीचे पैसे, ब्लोअर, वॉचरची नेमणूक खात्याची, हे कोणत्या हिशेबाने? ज्या जंगलाचा दावा मंजूर आहे तिथले वॉचर ग्रामसभेने निवडावेत आणि मजुरी ग्रामसभेच्या खात्यातून वाटावी.

उपग्रहाचेही तसेच. भारतीय वन सर्वेक्षणाकडून आगीचा संदेश मोबाईलवर येतो. उपग्रहाला उष्णता दिसते, कोणी लावली ते दिसत नाही. बांधीतला धुरा जाळला तरी ठिपका उमटू शकतो. हा संदेश फुकट मिळतो, नाव नोंदवले तर कोणालाही. बीटगार्डच्या आधी तो ग्रामसभेच्या अध्यक्षाकडे आला पाहिजे. जिथे टॉवर लागत नाही तिथे कोतवालाकडून दवंडी द्या, गोंडी-माडियात द्या. आमची ही चार पाने अजून सायक्लोस्टाईलवर निघतात ती याच गावांसाठी.

राहिले वादळ. सकाळपासून कोंदट झाले, दुपारी आभाळात काळे चढले की समजावे. वरून कोरडी तपन आणि बंगालच्या उपसागराकडून ओल आली की दोन वाजल्यापासून सांजेपर्यंत कधीही वावधान सुटते. गडगडाट ऐकू आला म्हणजे इज आपल्या टप्प्यात आली. मोहाखाली, एकट्या झाडाखाली थांबू नका. पळसाच्या झुडपात, खोलगट जागी, पाय जोडून उकिडवे बसा, आडवे पडू नका, एकमेकांना चिकटू नका. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबा. इज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावा, श्वास नसेल तर छाती दाबायला लागा. शेणात पुरायच्या नादी लागून वेळ घालवू नका. आणि माणूस गेलाच तर दुःखातही तलाठ्याचा पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्या. वीज पडून मृत्यू झाला तर राज्य सरकारकडून ४ लाख रुपये मिळतात, पण हे कागद नसले की अर्ज अडतो.

वादळाचा दुसरा मार फळीवर. पुडे मोजून झाले, वाळायला मांडले, एका सांजेच्या पावसात पान काळे पडले. ठेकेदार म्हणतो, माल खराब, पैसे कापतो. हा घाटा तोडणाऱ्या बाईच्या माथी कसा? तिने ७० पानांचा पुडा बांधून मोजून दिला, तिथे तिचे काम संपले. पेसात ज्या ग्रामसभा स्वतः लिलाव करतात त्यांनी यंदाच्या करारनाम्यात सरळ लिहून घ्यावे: फळीवर मोजणी झाल्यानंतर पावसाने, गारांनी किंवा आगीने झालेले नुकसान ठेकेदाराचे, मजुरी आणि रॉयल्टी पूर्ण. ताडपत्र्याही त्यानेच आणायच्या, फळी सुरू व्हायच्या दिवशी मोजून घ्यायच्या. हे कलम नसेल तर अध्यक्ष-सचिवांनी सही करू नये. लिलावाच्या ग्रामसभा लवकरच लागतील, त्यात बायांनी हा विषय पहिला घ्यावा.