छत्तिसाव्या दिवसाचे काय?

वाकोल्यातील एखाद्या कुटुंबाने घरातील माणसाचे व्यसन सोडविण्याचा निश्चय केला, की पहिला पत्ता बहुधा रुग्णालयाचा नसतो. तो लोकलच्या डब्यात चिकटविलेल्या कागदावर असतो. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' असे आश्वासन देणारा हा कागद मुंबईकरांच्या इतका परिचयाचा झाला आहे, की त्यातील धोका कुणाच्या लक्षातही येत नाही. चहात किंवा आमटीत कालवायच्या या पुडीत नेमके काय आहे, ते घरच्यांना कळण्याचा मार्ग नसतो. दारूची घृणा निर्माण करणारे डायसल्फिरम हे खरेखुरे औषध अस्तित्वात आहे. पण ते घेतलेल्या माणसाच्या पोटात मद्य गेले तर उलट्या, छातीत धडधड आणि रक्तदाब एकाएकी घसरणे असे प्रकार होतात, क्वचित ते जिवावरही बेतते. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच देतात. 'नकळत' हा शब्द इथे उपचाराचा नव्हे, तर विषप्रयोगाचा ठरू शकतो.

कुटुंबे या वाटेला का जातात, याचे उत्तर केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सापडते. देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५.७ कोटी लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे, असे ही पाहणी सांगते. मद्यावर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेण्याची संधी १८० जणांपैकी एकाला.

मुंबईत सोयी नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. वाकोल्याहून सर्वांत जवळचे, मानसोपचार विभाग असलेले महापालिकेचे मोठे रुग्णालय म्हणजे पार्ल्याचे कूपर. पुढे शीव, नायर आणि केईएम आहेतच. या उपचारांची पहिली पायरी शरीरातील विष उतरविण्याची असते आणि तिच्याविषयी समाजात कमालीचे अज्ञान आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला घरात कोंडून एकदम दारू तोडली, तर पहिल्या दोन दिवसांतच त्याला झटके येऊ शकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, भ्रम, प्रचंड घाम अशी अवस्था येऊन मृत्यूही ओढवू शकतो. झटके टाळणारी औषधे आणि 'ब' जीवनसत्त्वाची इंजेक्शने वेळेवर मिळाली, तर हाच काळ आठवडाभरात बहुधा सुखरूप पार पडतो. 'खोलीत बंद करा, आपोआप सुटेल' हा शेजाऱ्यांचा सल्ला म्हणूनच ऐकू नये.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. वाकोल्यापासून दोनच स्थानकांवर असलेल्या वांद्र्यात, माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. फादर स्वतः मद्यासक्तीतून बाहेर पडलेले आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यामुळे योगासने हा तेथील उपचारांचा भाग झाला. त्याच दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द'ने तरुण पिढी पोखरायला सुरुवात केली. डॉ. अनिल अवचट यांच्या त्याविषयीच्या लिखाणाने पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या आर्थिक साह्यातून आणि डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उभे राहिले. तेथे दाखल होणाऱ्यास 'व्यसनी' नव्हे, 'रुग्णमित्र' म्हणतात. स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग आहे. निवासी उपचार ३५ दिवसांचे.

छत्तिसाव्या दिवशी हा माणूस वाकोल्यात परततो. तोच पूल, तीच गल्ली, तेच मित्र आणि तोच कोपऱ्यावरचा बार. केंद्रात वेळापत्रक होते, सोबत समदुःखी होते. इथे संध्याकाळी सात वाजता त्याने जायचे कुठे? घरचे त्याच्या श्वासाचा वास घेत असतात, पगार कुणाच्या हाती द्यायचा यावर वाद होतात. मद्यासक्ती हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कुणी त्याला घराबाहेर काढत नाही. घसरलेल्या रुग्णमित्राच्या नशिबी मात्र तेच येते, आणि 'पैसे वाया गेले' असा निष्कर्ष काढून कुटुंबही उपचारांचा नाद सोडते.

ही पोकळी मुंबईत आजवर प्रामुख्याने भरून काढली ती सरकारने नव्हे, तर 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'ने. १९३५ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या या चळवळीच्या बैठका चर्चच्या सभागृहात किंवा महापालिका शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर बसून होतात. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारले जात नाही. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. बाहेरची देणगी घेतली जात नाही. नव्या माणसाला एक जुना सदस्य मार्गदर्शक म्हणून मिळतो आणि रात्री अपरात्री त्याला फोन करण्याची मुभा असते. बायका-मुलांसाठी 'अल-अ‍ॅनॉन', तर अमली पदार्थांसाठी 'नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस'. यातील ईश्वरी शक्तीची भाषा सर्वांना रुचतेच असे नाही. तथापि, २७ अभ्यासांचा आढावा घेऊन कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये काढलेला निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही : सातत्याने दारूपासून दूर राहण्याच्या बाबतीत, या मार्गाची पद्धतशीर जोड देणारे उपचार अन्य प्रस्थापित मानसोपचारांहून सरस ठरले.

कायदा बराच पुढे गेला आहे, व्यवहार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांना आजारात गणले. अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली. साखळीने बांधणे आणि एकांतात डांबणे निषिद्ध ठरविले. पैसे भरण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र मागण्याचा नातेवाइकांचा हक्क आहे. ते दाखविण्यास कचरणाऱ्या केंद्रातून सरळ बाहेर पडावे. याच कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा, असे बजावले. आणि विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या वगळण्यांच्या प्रमाणित यादीत मद्यासक्तीवरील उपचार बाराव्या क्रमांकावर! एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचा हा प्रकार आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत पोलिसांचे भय आणखी वेगळे. वास्तविक अमली पदार्थविरोधी कायद्याचे ६४ अ हे कलम सेवनासाठी वा अल्प प्रमाणासाठी आरोपी ठरलेल्या आणि स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पूर्ण करणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देते. ते किती पालकांना ठाऊक असते?

यावर उपाय महागडाच असला पाहिजे, असे नाही. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी अतिमद्यपान करणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांतील ३६ टक्के पुरुष धोकादायक मद्यपानातून बाहेर आले होते. ज्यांना ही जोड मिळाली नाही त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होते. 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अवलंबित्व जडलेल्यांसाठी हा प्रयोग नव्हता, हे खरे. पण त्या टप्प्यावर पोहोचण्याआधीच माणसाला गाठणे सर्वांत स्वस्त पडते.

मुंबई महापालिकेने नोव्हेंबर २०२२ पासून वस्त्यांत 'आपला दवाखाना' सुरू केला आहे. कामावरून परतणाऱ्याला संध्याकाळी जाता यावे, हाच त्यामागचा हेतू. तेथे आठवड्यातून दोन दिवस एक प्रशिक्षित समुपदेशक बसविणे आणि एच-पूर्व विभागातील शाळांचे वर्ग रात्री बैठकांसाठी विनाकटकट खुले करणे, यासाठी नव्या इमारतीची वा नव्या कायद्याची गरज नाही. तोपर्यंत वाकोल्यातील कुटुंबाला निदान दोन क्रमांक माहीत असावेत : व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस'ची १४४१६. दोन्ही क्रमांकांवर पत्नीने, आईने किंवा मुलाने फोन केला तरी चालतो. पिणाऱ्याची तयारी होईपर्यंत थांबावे लागत नाही.