शंभर डॉलरला रुपये किती पडले?

परदेशात वापरायला डेबिट कार्ड घ्यायचं ठरलं की बँकेच्या काउंटरवर पहिला प्रश्न असतो, मार्कअप किती टक्के? जो आकडा सांगितला जातो त्यावरच पुढचा सगळा निर्णय होतो. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. विचारायला हवं ते असं, की तिकडे शंभर डॉलर खर्च केले तर माझ्या खात्यातून शेवटी एकूण किती रुपये जातील, आणि त्या दिवशीच्या संदर्भ दराने किती जायला हवे होते? या दोन रकमांतला फरक ही कार्डाची किंमत. मार्कअप, फी, जीएसटी, कार्डात डॉलर भरतानाचा (लोडिंगचा) दर हे सगळे त्या किमतीचे तुकडे आहेत, आणि सोयीचा तुकडा पुढे केला की कुठलंही कार्ड स्वस्त दाखवता येतं.

हा विषय सुट्टीला युरोपात जाणाऱ्यांचा आहे, आपला नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्याने बोईसर-तारापूरकडे नीट पाहावं. तारापूर एमआयडीसीत रसायनं, औषधं, पोलाद आणि कापडाचे कारखाने आहेत. इथला माल बाहेर जातो, बाहेरची यंत्रं इथे येतात, आणि त्यांच्या मागे माणसांचंही जाणं-येणं होतं. कुणी यंत्र पाहून घ्यायला जातं, कुणी ते चालवायला शिकायला. आखातात कंत्राटावर जाणारे फिटर-वेल्डर आणि जहाजावर नोकरी करणारे वेगळेच. पालघर, सफाळे, डहाणूच्या घरांतून शिकायला गेलेल्या मुलांचे सुरुवातीचे दिवस बहुधा इथल्याच कार्डावर निघतात, कारण तिथे खातं उघडायला पत्ता दाखवावा लागतो आणि पत्ता मिळवायला आधी भाडं भरावं लागतं. गाव न सोडताही परकी चलनात खर्च होतो. परदेशी विद्यापीठाची अर्जाची फी, डॉलरमध्ये आकारलं जाणारं सॉफ्टवेअरचं मासिक शुल्क, यांनाही तोच मार्कअप लागतो. पैसे भरणारा बोईसरच्या चित्रालयमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसलेला असला तरी.

आता हिशेब. कार्ड स्वाइप झालं की व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपल्या दराने त्या रकमेचे रुपये करतं. त्यावर आपली बँक मार्कअप लावते, बऱ्याच डेबिट कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या घरात असतो. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरू आणि नेटवर्कचा दरही तोच मानू. ५०० डॉलरच्या खर्चाचे ४५,००० रुपये होतात. साडेतीन टक्क्यांनी १,५७५ रुपये मार्कअप, त्यावर २८३ रुपये ५० पैसे जीएसटी. म्हणजे १,८५८ रुपये ५० पैसे जास्त गेले, आणि ‘साडेतीन टक्के’ प्रत्यक्षात ४.१३ टक्के झाले. काही बँका ही भर दरातच मिसळून एकच रक्कम कापतात, काही ती वेगळ्या नोंदीने नंतर कापतात. दुसऱ्या प्रकारात तर मोबाइलवरचा पहिला मेसेज वाचून खर्चाचा अंदाजच चुकतो, कारण उरलेली कात्री पुढे पासबुकात कधीतरी उमटते.

एटीएमवर हाच हिशेब फार कडक होतो, आणि गरज असणारा माणूस नेमका तिथेच जातो. समजा बँकेची प्रत्येक वेळची ठरावीक फी १२५ रुपये आहे, जीएसटी धरून १४७ रुपये ५० पैसे. तिथल्या एटीएमवाल्याने स्वतःचे तीन डॉलर घेतले, म्हणजे २७० रुपये. माणसाने जपून ५० डॉलरच काढले. मार्कअप ५० डॉलरवर लागत नाही, एटीएमवाल्याची फी धरून ५३ डॉलरवर लागतो. तो जीएसटीसह १९७ रुपये. एकूण ६१४ रुपये ५० पैसे, तेही ४,५०० रुपये हातात पडावेत म्हणून. साडेतेरा टक्क्यांहून जास्त झाले. त्याच कार्डाने एकदम ३०० डॉलर काढले असते तर हाच भार पावणेसहा टक्क्यांच्या आत राहिला असता. कार्ड तेच, मार्कअप तोच, आणि किंमत दुपटीहून अधिक बदलली. आखातात उतरलेल्या नव्या कामगाराला पहिला पगार हाती येईपर्यंत थोडे थोडे पैसे काढत राहावं लागतं. त्याच्यासाठी साडेतीनचं कार्ड आणि दोनचं कार्ड यांतल्या फरकापेक्षा दर खेपेची ठरावीक फी किती, हा प्रश्न मोठा आहे. जाहिरातीत तो आकडा सहसा नसतो.

दुकानातल्या यंत्रावर आणखी एक वळण येतं. पडद्यावर दोन रकमा दिसतात, एक तिथल्या चलनात आणि एक रुपयांत. रुपये ओळखीचे म्हणून बोट तिकडे जातं. तसं केलं की दर आपल्या कार्डाच्या नेटवर्कचा राहत नाही, दुकानाच्या बाजूने यंत्र चालवणारी कंपनी तो ठरवते आणि त्यात आपला नफा घालते. रुपयांतला पर्याय निवडूनही व्यवहार परदेशी धरून काही बँका वर आपलं शुल्क लावतात ते निराळंच. शून्य मार्कअपचं कार्डही इथे वाचवू शकत नाही, कारण महागडा दर बँकेपर्यंत पोचण्याआधीच लागलेला असतो. तिथलं चलन निवडावं, प्रत्येक वेळी. हा एक सल्ला मी कुठलीही पुरवणी न जोडता देतो.

फॉरेक्स कार्डाची जाहिरात ‘शून्य मार्कअप’ अशीच असते आणि ती खोटी नसते. डॉलर भरलेलं कार्ड दुकानात डॉलरमध्ये वापरलं तर वापरताना काही कापलं जात नाही. कापलं जातं ते डॉलर भरताना. संदर्भ दर ९० असताना बँकेने ९२ ने डॉलर विकले असं धरू. १,००० डॉलरचे ९२,००० रुपये झाले. चलन बदलण्यावरचा जीएसटी एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे इथे १६५ रुपये ६० पैसे. परतल्यावर २०० डॉलर उरले आणि बँकेने ते ८८ ने परत घेतले. तिथे ४०० रुपये गेले, वर किमान जीएसटी ४५ रुपये. आठशे डॉलर खर्च करायला एकूण २,६१० रुपये ६० पैसे जास्त लागले. संदर्भ दराच्या तुलनेत हे ३.६ टक्के होतात. कार्ड देण्याची फी मी धरलेलीच नाही. डॉलरचं कार्ड घेऊन जर्मनीत गेलं आणि युरोत खर्च केला तर चलनांतराचं शुल्क पुन्हा वेगळं. या कार्डाचा खरा फायदा दर आधी पक्का होण्यात आहे. वर्षभराची फी भरायची आहे आणि रुपया घसरण्याची धास्ती आहे, अशा पालकांना त्यासाठी दोन-अडीच टक्के मोजणं परवडू शकतं. पण ते विमा घेतल्यासारखं समजून मोजावेत, फुकट समजून नव्हे.

मग खरोखर शून्य मार्कअप देणारी डेबिट कार्डं? अशी कार्डं आहेत, काही बँका देतात, काही अॅपवाल्या कंपन्या बँकेच्या भागीदारीत देतात, आणि खर्च बराच असेल तर ती स्वस्त पडतात यात शंका नाही. वार्षिक फी हजार रुपये असेल तर जीएसटीसह १,१८० रुपये झाले. साडेतीन टक्क्यांच्या कार्डाशी तुलना केली तर वर्षाला साधारण साडेअठ्ठावीस हजारांवर परदेशी खर्च असेल तेव्हाच ही फी वसूल होते. दोन टक्क्यांच्या कार्डाशी तुलना केली तर पन्नास हजारांवर. किमान शिलकीची अट असेल तर तेही हिशेबात घ्यावं लागतं. पैसे सुरक्षित आहेत का, हा आक्षेप मात्र मला अर्धाच रास्त वाटतो. अॅप कुणाचंही असो, ठेव बँकेत असते आणि तिला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. तेव्हा पैसे बुडण्याची भीती फार नाही. भीती आहे ती परक्या गावात कार्ड बंद पडण्याची. २३ जानेवारी २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने एसबीएम बँक इंडियाला उदारीकृत प्रेषण योजनेखालचे, म्हणजे एलआरएसचे सगळे व्यवहार तत्काळ थांबवायला सांगितले. पुढे डेबिट कार्डांना मर्यादित मुभा मिळाली, पण त्या दिवशी परदेशात असलेल्या खातेदाराला ही मुभा मिळेपर्यंत जेवायचंच होतं. म्हणून स्वस्त कार्ड जरूर घ्यावं आणि जुन्या बँकेचं महागडं कार्डही खिशात असावं, निराळ्या नेटवर्कचं असेल तर उत्तम.

हे सगळं ऐकल्यावर बँकेच्या बाजूने बोलणारे म्हणतील की बँकेलाही खर्च येतो, नेटवर्कला पैसे द्यावे लागतात, दर बदलण्याची जोखीम असते. खर्च येतो हे खरं. पण त्याच नेटवर्कवर, त्याच दुकानात, त्याच मिनिटाला एक बँक शून्य घेते आणि दुसरी साडेतीन, तेव्हा साडेतीन हा खर्चाचा आकडा आहे असं म्हणता येत नाही. शिवाय दुकानदाराकडून जे शुल्क घेतलं जातं त्यातला वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतोच. बँकेने नफा घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. तो ग्राहकाला एका आकड्यात दिसावा, एवढंच म्हणणं आहे, आणि हे करता येतं याचा पुरावा आहे. युरोपीय संघाने २०१९ मध्ये नियम केला आणि एप्रिल २०२० पासून लागू केला: संघातल्या चलनांत कार्डाने चलनबदल होत असेल तर एकूण चलनबदल शुल्क युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ताज्या संदर्भ दरावर किती टक्के जास्त आहे, ते सांगावंच लागतं. आपल्याकडेही मोजपट्टी तयार आहे. एफबीआयएल ही संस्था २०१८ पासून डॉलर, युरो, पौंड आणि येनचे संदर्भ दर कामाच्या दिवशी रोज जाहीर करते. व्यवहाराच्या मेसेजमध्ये ‘संदर्भ दरापेक्षा इतके रुपये जास्त’ अशी एक ओळ घालायला बँकांना अवघड काय आहे?

आपण ती ओळ आजवर मागितली नाही, याचं कारण इतिहासात आहे असं मला वाटतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं त्या काळात परकी चलन मिळणं हेच भाग्य होतं. १९७३ च्या फेरा कायद्याने बंधनं आणखी आवळली. किती महाग पडलं हे विचारण्याची सोयच नव्हती. फेराच्या जागी फेमा कायदा २००० च्या जूनमध्ये अमलात आला, एलआरएस २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली आणि आज ती मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. परवानगीचा प्रश्न सुटून वीस वर्षं झाली, किमतीचा प्रश्न विचारण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही. एलआरएसच्या याच मर्यादेत डेबिट आणि फॉरेक्स कार्डावरचा खर्च मोजला जातो, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांच्या वर गेल्यावर टीसीएस, म्हणजे स्रोतावरच गोळा होणारा कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरून वळता करता येतो, म्हणून त्याला मी कार्डाची किंमत मानत नाही.

‘एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला डोकं घालायचं’ हा आक्षेप सुट्टीवर गेलेल्याच्या बाबतीत मला मान्य आहे. वर्षात एकदा वीस हजार खर्च करणाऱ्याचे आठशे रुपये गेले तर जाऊ देत. पण मुलाच्या खोलीचं भाडं आणि किराणा इथल्या कार्डावर चालत असेल आणि महिन्याला साठ हजार जात असतील, तर ४.१३ टक्क्यांनी दरमहा जवळपास अडीच हजार रुपये नुसते चलन बदलण्यात जातात. मोठी रक्कम बँकेतून थेट तिथल्या खात्यात पाठवणं आणि कार्ड किरकोळ खर्चापुरतं ठेवणं, हा अशा घरांसाठी कार्ड बदलण्यापेक्षाही मोठा फायदा ठरू शकतो. रोख नेण्याबद्दल थोडक्यात: टॅक्सीपुरती न्यावी. यूपीआय काही देशांत चालू झालं आहे, पण तिथेही रुपयाचं परकं चलन होतंच. दर कुणाचा, हा प्रश्न तिथेही विचारावा.

जनधन खात्याचं साधं रुपे कार्ड देशाबाहेर सहसा चालत नाही, त्यासाठी रुपेचं आंतरराष्ट्रीय कार्ड लागतं, हे आखातात निघालेल्या कामगाराला विमानतळावर कळू नये. २०२० पासून कुठल्याही नव्या कार्डावर परदेशी वापर मुळात बंदच असतो, तो अॅपमधून चालू करावा लागतो. आणि तारापूरच्या कारखान्यांना एक सूचना. पगाराची खाती कुठल्या बँकेत उघडायची, याची बोलणी कंपनी करते तेव्हा किमान शिलकीची माफी, अपघात विमा, कर्जाचा दर हे सगळं मागितलं जातं. त्या यादीत डेबिट कार्डाचा परदेशी मार्कअप आणि एटीएमची ठरावीक फी या दोन गोष्टी घालाव्यात. एकेकट्या खातेदाराचं बँक ऐकणार नाही. शेकडो पगारखाती हातात असलेल्या कंपनीचं ऐकेल. कामासाठी बाहेर पाठवलेल्या माणसाला कंपनी दैनिक भत्ता देते, पण चलन बदलताना कापलं गेलेलं बिलात धरत नाही. तेही धरावं, कारण तो खर्च कंपनीच्या कामाचाच आहे.